अशिलाला स्वतःचा न्यास काढायचा आहे; कम्युनिटी फाउंडेशनमधील निधी सुचवावा का?

फोंडा_लेखापाल

सप्रेम नमस्कार.

मी गेली नऊ वर्षे गोव्यातील फोंड्यात सनदी लेखापाल म्हणून काम करतो. माझे बहुतेक अशील छोटे दुकानदार, निवृत्त शिक्षक आणि बँकेतील कर्मचारी आहेत, त्यामुळे विवरणपत्रे, जीएसटी आणि अधूनमधून एखाद्या सोसायटीचे लेखापरीक्षण यांपलीकडे माझा अनुभव फारसा गेलेला नाही. गेल्या महिन्यात आमच्या जुन्या अशिलांपैकी एक गृहस्थ आले. वय ७४, दुकान नुकतेच बंद केलेले, पत्नी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांना आपल्या दिवंगत आईच्या नावाने सुमारे ४० लाख रुपये सत्तरी तालुक्यातील मुलींच्या शिक्षणासाठी कायमचे बाजूला ठेवायचे आहेत आणि त्यासाठी मी एक न्यास करून द्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र बोलता बोलता तेच म्हणाले, "पयशे आमचे, पूण आमच्या उपरांत हिशोब कोण पळयतलो?" आपल्या पश्चात हिशोब कोण पाहणार, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

पती-पत्नींची मिळून मालमत्ता साधारण दोन कोटींची आहे. घर, मुदत ठेवी आणि २०१९ नंतर चार लाखांना घेतलेले, आज वीस लाखांच्या घरात गेलेले शेअर्स, असे तिचे स्वरूप आहे. मुलगा बंगळूरला असतो. मुलगी इंग्लंडमध्ये आहे, तिने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे आणि आजीच्या नावाच्या या कामात तिलाही दरवर्षी काही रक्कम घालायची इच्छा आहे.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एखाद्या शहराच्या किंवा प्रदेशाच्या भल्यासाठी अनेक देणगीदारांचे वेगवेगळे निधी एका छत्राखाली सांभाळणारी आणि त्यांतून स्थानिक कामांना अनुदान देणारी संस्था, एवढे मी वाचून जाणतो. अशा संस्थेत आईच्या नावाचा निधी ठेवणे हे स्वतंत्र न्यासापेक्षा बरे होईल का, आपल्याकडच्या वारसा कायद्याचा त्यात कुठे अडसर येतो, आणि मुख्य म्हणजे लेखापाल म्हणून माझे काम नेमके कुठून सुरू होते व कुठे थांबायला हवे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कर_सल्लागार_मडगाव

आपण अशिलाला लगेच न्यासाच्या दस्ताचा मसुदा दिला नाहीत, हे मला फार योग्य वाटले. आपल्या व्यवसायात "न्यास करून द्या" म्हटले की आपण न्यास करून देतो. त्या माणसाला खरोखर न्यास हवा आहे की आईचे नाव टिकावे आणि पैसा योग्य जागी जावा एवढेच हवे आहे, हे विचारायचे राहून जाते.

स्वतंत्र न्यास म्हणजे दस्ताची नोंदणी, वेगळा पॅन, आयकर कायद्याच्या कलम १२एबी (न्यासाच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) यांखालील नोंदण्या आणि त्यांचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण, वार्षिक विवरणपत्र, उत्पन्न करमुक्त मर्यादेपुढे गेले की लेखापरीक्षण आणि दरवर्षी ३१ मेपर्यंत देणग्यांचे विवरण. कलमांचे क्रमांक मी १९६१ च्या कायद्यातील, सर्वांच्या तोंडी असलेले वापरते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू असल्याने आपल्या टिपणात नवे क्रमांक घालावेत. चाळीस लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला २,६०,००० रुपये येतात. त्यातून हा सगळा सोपस्कार भागवून मुलींच्या हाती काय उरते, ते आकडे एका कागदावर मांडून अशिलापुढे ठेवावेत. कम्युनिटी फाउंडेशनमध्ये हा खर्च अनेक निधींमध्ये वाटला जातो. ती संस्थाही आपले शुल्क घेतेच, पण निदान तो आकडा आधी कळतो.

दुसरी गोष्ट कराची. "देणगी दिली की कर वाचतो" हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की अशील त्यावर विसंबून बसतो. नव्या करप्रणालीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, ८०जीची वजावट मिळतच नाही. जुनी प्रणाली निवडली तरी अशा संस्थांना दिलेल्या देणगीपैकी पात्र रक्कम समायोजित एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपुरतीच असते आणि तिच्याही निम्मीच वजावट मिळते. प्रत्येकाचे असे उत्पन्न नऊ लाख धरले तर मर्यादा ९०,०००, वजावट ४५,००० आणि वीस टक्के दराने वाचणारा कर उपकरासह ९,३६० रुपये. वीस लाख दिले तरी एवढेच, आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढता येत नाही. हे अशिलाला सुरुवातीलाच सांगावे. जो मनापासून देणारा असतो तो हा आकडा ऐकून मागे फिरत नाही, आणि जो फिरतो त्याने चाळीस लाख अडकवण्यापूर्वीच फिरलेले बरे.

शेअर्सचा विचार मात्र बारकाईने करावा. वस्तुरूप देणगीला ८०जी नाही, त्याला पैसाच लागतो. पण व्यक्तीने शेअर्स दान केले तर कलम ४७प्रमाणे ते हस्तांतर मानले जात नाही आणि भांडवली नफ्याचा कर लागत नाही. विकून पैसे दिले तर नफा सोळा लाखांचा. आपल्याकडे गोव्यात सामाईक मालमत्तेचे उत्पन्न पती-पत्नींत विभागणारे कलम ५ए लागू असल्यामुळे तो दोघांत निम्मा निम्मा धरला जाईल, म्हणजे प्रत्येकी आठ लाख. त्यातून सव्वा लाखाची सूट वजा करून साडेबारा टक्क्यांनी प्रत्येकी ८४,३७५, दोघांचे मिळून उपकरासह १,७५,५०० रुपये. वर दाखवलेल्या बचतीशी हा आकडा ताडून पाहिला की, फाउंडेशनची तयारी असेल तर शेअर्स तसेच्या तसे देणे शहाणपणाचे, हे उघड होते. फाउंडेशनला मात्र ते कायम ठेवता येत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात मिळाले ते संपल्यापासून एका वर्षाच्या आत विकून रक्कम कायद्याने ठरवलेल्या गुंतवणुकीत न्यावी लागते. त्यांचे डीमॅट खाते आहे का, एवढा साधा प्रश्न आधी विचारावा.

म्हापसा_वकील

मडगावच्या ताईंनी कराची बाजू मांडली आहेच. मी वारशाविषयी लिहितो, कारण गोव्यात दानाची सुरुवात तिथूनच करावी लागते आणि मुंबई-बंगळूरच्या सल्लागारांनी तयार केलेले नमुने आपल्याकडे इथेच फसतात.

आपले अशील "माझे चाळीस लाख" म्हणत असतील, पण लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्याकडे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि दोघांचाही तिच्यात निम्मा वाटा असतो. दुकान त्यांच्या नावावर होते, मुदत ठेवीच्या पावतीवर एकच नाव आहे, याने फरक पडत नाही. तेव्हा पहिल्या बैठकीलाच पत्नीला बोलवावे. सही घेण्यापुरते शेवटी नव्हे, तर दाता म्हणून सुरुवातीला.

त्यानंतर मुलांचा प्रश्न. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याप्रमाणे, जो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू आहे, मुले असताना माणसाला आपल्या वाट्याच्या निम्म्या भागाचीच मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते. उरलेला निम्मा मुलांचा राखीव असतो. ज्याला आपण डिस्पोजेबल कोटा म्हणतो तो हाच. दोन कोटींपैकी प्रत्येकाचा वाटा एक कोटी, म्हणून प्रत्येकाचा मोकळा हिस्सा पन्नास लाख. चाळीस लाखांचे दान दोघांनी वीस-वीस लाख असे केले तर ते या मर्यादेत आरामात बसते. एकट्याने चाळीस लाख केले तरी आज बसेल, पण मर्यादेचा हिशोब मृत्यूच्या वेळच्या मालमत्तेत आधी दिलेली दाने मिळवून होतो, आणि मधल्या काळात आजारपणात पैसा गेला किंवा एखाद्या मुलाला मोठी रक्कम दिली गेली तर कोटा ओलांडला जाऊ शकतो. मग वारसांना ते दान कमी करून मागता येते. ज्या फाउंडेशनने पाच वर्षे त्या निधीतून मुलींना मदत दिली, तिला इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या न्यायालयीन कार्यवाहीत, ओढले जाणे कोणालाच नको असते. म्हणून मी दानपत्रासोबत मालमत्तेचे एक टिपण तयार करून ठेवतो, त्यात त्या दिवशीच्या किमती व कोट्याची आकडेमोड असते, आणि शक्य असेल तिथे मुलांना ते दाखवून त्यांची लेखी माहितीपोच घेतो. मालमत्ता पुण्यात किंवा मुंबईत आहे म्हणून हा नियम सुटत नाही. गोव्यातील अधिवासी माणसाच्या भारतातील कुठल्याही मालमत्तेला आपलाच कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

काही रक्कम हयातीत आणि काही मृत्युपत्राने द्यायची असेल तर ते मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर, म्हणजे आपल्या सब-रजिस्ट्रार कचेरीत करावे. इतर राज्यांत घरी कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतलेले चालते, त्यावर आपल्याकडे विसंबू नये. मृत्युपत्राने दिलेल्या रकमेवर देणाऱ्याला कसलीही कर-वजावट मिळत नाही आणि १९८५ मध्ये इस्टेट ड्युटी गेल्यापासून वाचवण्यासारखा मृत्युकरही उरलेला नाही. अमेरिकेत मृत्युकरामुळे वकील आपणहून दानाचा विषय काढतात. आपल्याकडे तसे निमित्त नसल्याने तो कोणीच काढत नाही. मृत्युपत्र करायला आलेल्या माणसाला मुले, घर, दागिने यांविषयी विचारून झाल्यावर "गावासाठी, शाळेसाठी काही ठेवावे असे मनात आहे का?" हे एक वाक्य विचारण्याची सवय मी गेल्या काही वर्षांत लावून घेतली आहे. बरेच जण नाही म्हणतात. पण काही जण असे थांबतात, जणू ते कोणीतरी विचारण्याची वाटच पाहत होते.

आता मुलीविषयी, आणि हा मुद्दा गोव्यात कोणीही हलका घेऊ नये. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला म्हणजे ती परदेशी नागरिक झाली. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी परदेशी अंशदान कायद्याच्या दृष्टीने तिची देणगी परदेशीच ठरते. ती स्वीकारायला फाउंडेशनकडे त्या कायद्याची नोंदणी हवी आणि रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरवून दिलेल्या खात्यातच आली पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देताही येत नाही. इतर संस्थांना अनुदान देणे हेच जिचे मुख्य काम, त्या कम्युनिटी फाउंडेशनच्या दृष्टीने ही मोठी अडचण आहे. तिला मुलीच्या पैशातून स्वतःच मदत वाटावी लागेल. आखातात नोकरी करणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी मात्र परदेशी ठरत नाही. "मुलीने आईच्या खात्यात पाठवावे आणि आईने द्यावे" असा सल्ला कोणी देईल. तो देऊ नये. कायद्याला वळसा घालण्यासाठी आखलेला व्यवहार वृद्ध आईच्या नावावर टाकणे मला पटत नाही.

साखळीकर

मी सल्लागार नाही, पण माझ्या काकांनी असा न्यास केला होता म्हणून लिहितो. काका होते तोवर सगळे नीट चालले. दरवर्षी जूनमध्ये ते स्वतः शाळेत जाऊन वह्या-पुस्तके वाटत. ते गेल्यावर उरलेल्या तीन विश्वस्तांपैकी एक परगावी राहायला गेले, एक आजारी पडले आणि मी नोकरीमुळे लक्ष देऊ शकलो नाही. नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले, बँकेने सह्या बदलण्यासाठी ठराव मागितला आणि तो करायला गणसंख्याच होईना. पैसा अजून ठेवीत आहे, त्यावर व्याज चढते आहे आणि शाळेत एक वहीसुद्धा गेलेली नाही. काकांचे हिशोब पाहणाऱ्यांनी त्यांना त्या वेळी आपल्या अशिलाच्या प्रश्नासारखा प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटते. दोष त्यांचा एकट्याचा नाही, माझाही आहे.

अनुदान_कार्यकर्ता_डिचोली

साखळीकरांनी लिहिलेले वाचून वाईट वाटले. कम्युनिटी फाउंडेशनची कल्पनाच मुळी अशा अडकलेल्या पैशांतून निघाली. मी काही वर्षे मुंबईत एका अनुदान देणाऱ्या संस्थेत काम करून आता गोव्यात परतलो आहे, म्हणून संस्थेच्या बाजूने लिहितो.

अमेरिकेत सेंट लुइसचे एक महापौर ब्रायन मुलनफी १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या आणि त्या शहरातून जाणाऱ्या गरीब प्रवाशांना मदत व्हावी म्हणून त्यांनी मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा ठेवला. पुढे रेल्वे आली, बैलगाड्यांचे तांडे संपले, मदत घ्यायला माणसेच उरली नाहीत आणि पैसा मात्र जागच्या जागी राहिला. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असताना क्लीव्हलँडमधील बँकर आणि वकील फ्रेडरिक गॉफ यांनी १९१४ मध्ये पहिले कम्युनिटी फाउंडेशन उभे केले. दात्याने हेतू सांगावा, त्याचा निधी त्याच्या नावाने चालावा, पण काळ बदलून तो हेतू निरर्थक झाला तर स्थानिक नागरिकांच्या मंडळाला त्याच्या जवळच्या कामाकडे निधी वळवता यावा, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ही कल्पना एका सल्लागाराच्या टेबलावर जन्मली, हे आपणा सर्वांसाठी महत्त्वाचे आहे. आपल्या देशात बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट १९९१ पासून मुंबईपुरते याच धर्तीवर काम करतो. आणि गोमंतकीयाला तर ही गोष्ट परकी वाटू नये. गावची जमीन सामाईक ठेवून तिच्या उत्पन्नातून बांध आणि देऊळ सांभाळणारी आणि उरलेल्यातून गावकारांना झोण, म्हणजे त्यांचा वाटा, देणारी गावकारी आपल्या पूर्वजांनी चालवलीच होती. फरक इतकाच की गावकारीत हक्क जन्माने येत असे, इथे निधी कोणाच्याही भल्यासाठी उघडा असतो.

आपल्याकडे स्वतंत्र न्यासात असा बदल करायचा झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२खाली न्यायालयात जावे लागते. म्हणून निधीचा करार करताना मी तीन-चार गोष्टींवर आग्रह धरीन. हेतू एका ओळीत आणि पर्यायी हेतू दुसऱ्या ओळीत, दोन्ही दात्याच्या शब्दांत लिहावेत. संस्था बंद पडली तर निधी कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे जाईल, ते लिहावे. शुल्क कशावर आकारले जाईल, मुद्दलावर की खर्चावर, हे आकड्यांत असावे. वर्षातून एकदा दात्याला आणि त्याच्या पश्चात तो नेमेल त्या व्यक्तीला लेखी अहवाल मिळावा. दात्याला शिफारस करता येईल, पण अंतिम निर्णय मंडळाचा राहील, हेही स्पष्ट लिहावे लागते. दिलेल्या पैशावर ताबा ठेवता येत नाही, आणि मोठ्या देणगीदाराच्या किंवा त्याच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी निधी वापरला गेला तर संस्थेची करसवलतच धोक्यात येते. पुतणीची फी या निधीतून भरता येणार नाही, हे अशिलाने फाउंडेशनच्या अधिकाऱ्याकडून ऐकण्यापेक्षा आपल्या लेखापालाकडून आधी ऐकलेले चांगले. "आमच्याच समाजाच्या मुलींना" अशी अट मनात असेल तर तीही आत्ताच बोलून घ्यावी, कारण एकाच जातीच्या किंवा धर्माच्या लाभासाठी चालणाऱ्या कामाला ८०जी मिळत नाही. मुलींसाठी किंवा सत्तरी तालुक्यासाठी, अशी मर्यादा चालते. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी द्यायचे असेल तर ते सरळ देवस्थानाला द्यावे, त्यासाठी ही वाट नव्हे.

संस्था निवडताना १२एबी आणि ८०जीचे आदेश, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब आणि दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरील नोंदणीचा) मागून घ्यावेत. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही: आपण दुसऱ्या नोंदणीकृत न्यासांना किती देता आणि स्वतः किती खर्च करता? २०२३ च्या वित्त कायद्यानंतर एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरली जाते. चांगल्या संस्थेकडे याचे हिशोबी उत्तर तयार असते. उत्तर देताना जी अडखळते तिच्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहावे.

फोंडा_लेखापाल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. फाउंडेशनने अशील पाठवल्याबद्दल मला काही मोबदला देऊ केला तर? आणि त्यांच्या मंडळावर येण्याचे निमंत्रण आले तर?

कर_सल्लागार_मडगाव

मोबदला घेऊ नये. आपल्या व्यवसायात कमिशनची वाटणी १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाच्या कक्षेत येते, आणि तो भाग बाजूला ठेवला तरी, ज्या दिवशी आपल्याला त्या संस्थेकडून पैसा मिळेल त्या दिवशी आपण तिच्याविषयी प्रामाणिक मत देऊ शकणार नाही. या कामासाठी लागलेल्या वेळाचे शुल्क अशिलाकडून सरळ बिल करून घ्यावे, त्यात संकोच नको. फुकट दिलेला सल्ला पुष्कळदा अर्धवट राहतो. मंडळावर जरूर जावे, पण ते अशिलाला लेखी सांगून, आणि मग त्या संस्थेचे लेखापरीक्षण आपण किंवा आपल्या भागीदाराने करू नये.

एक राहिले. दोघांच्या दोन स्वतंत्र खात्यांतून दोन स्वतंत्र धनादेश आणि आपापल्या पॅनवर दोन प्रमाणपत्रे घ्यावीत. २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही, हे आपण जाणताच. बाईंचे निवृत्तिवेतन पगारात मोडत असल्याने कलम ५एखाली विभागले जात नाही, व्याज आणि भांडवली नफा विभागले जातात. तेव्हा दोघांची मर्यादा वेगवेगळी काढावी लागेल.

फोंडा_लेखापाल

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण इथे मिळालेल्या सल्ल्याचे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

म्हापशाच्या वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी पुढच्या बैठकीला पती-पत्नी दोघांनाही बोलावले. पहिला अर्धा तास बाई काहीच बोलल्या नाहीत. मी कोट्याची आकडेमोड समजावून "यातले वीस लाख आपले आहेत, ते कशासाठी जावेत असे आपल्याला वाटते?" असे विचारले, तेव्हा त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिले. ते म्हणाले, "सांग." मग त्या बोलू लागल्या. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे सत्तरीतील सरकारी मराठी प्राथमिक शाळांत गेली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी किती जणी दहावीनंतर थांबल्या, त्यांची नावे त्यांना अजून आठवत होती. त्या म्हणाल्या की पदवीच्या हुशार मुलींना शिष्यवृत्ती देणारे पुष्कळ आहेत. पण दहावी झालेल्या मुलीला अकरावीला रोज बसने जायचे असते, संध्याकाळची बस चुकली तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत, आणि तिथे तिचे शिक्षण संपते. नवऱ्याच्या मनात अभियांत्रिकीची शिष्यवृत्ती होती. चाळीस वर्षांच्या संसारात हा विषय त्यांच्यात कधी निघाला नव्हता.

निधीचा हेतू आता "सत्तरी तालुक्यातील मुलींचे अकरावी-बारावीचे शिक्षण न थांबता पूर्ण व्हावे, यासाठी प्रवास, निवास आणि साहित्याची मदत" असा लिहिला आहे आणि पर्यायी हेतू त्याच तालुक्यातील मुलींचे कोणतेही शिक्षण असा ठेवला आहे. नाव सासूबाईंचेच आहे; ते बाईंनीच आग्रहाने ठेवायला लावले. शेअर्स दोघांच्या संमतीने तसेच दिले जातील, उरलेली रक्कम मुदत ठेवी मोडत जातील तशी तीन टप्प्यांत. मुलाने मालमत्तेच्या टिपणावर माहितीची सही केली आहे. मुलीला मी परदेशी अंशदानाचा नियम समजावून सांगितला. फाउंडेशनकडे ती नोंदणी आहे, पण तिची रक्कम वेगळ्या खात्यात येऊन वेगळ्या हिशोबाने थेट मुलींच्या बसच्या पासांवर खर्च होईल, असे ठरले आहे.

पहिला अहवाल पुढच्या वर्षी जूनमध्ये येईल. त्याची एक प्रत माझ्या कचेरीत आणि एक बाईंच्या नावे घरच्या पत्त्यावर पाठवावी, असे करारात लिहून घेतले आहे.